वडिलांना जर्मनीत फुटबॉलचा सामना दाखवायचा आहे : डॉर्टमुंड की जवळचे लहान मैदान?

मंगळवारपेठी :

मी नोकरीनिमित्त जर्मनीत एसेन येथे राहतो. एप्रिलच्या अखेरीस आईवडील कोल्हापूरहून येत असून जूनच्या मध्यापर्यंत त्यांचा मुक्काम आमच्याकडे असेल. वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, ऱ्हाइनकाठचे किल्ले आणि जुनी चर्चे यांत फारसा रस नाही. त्यांनी फोनवर एकच मागणी केली आहे, ती म्हणजे इथला फुटबॉलचा एक सामना मैदानावर जाऊन पाहायचा. अण्णा तरुणपणी पेठेतल्या एका तालमीच्या संघातून बचावफळीत खेळत असत आणि आजही शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला की त्यांची दुपार तिथेच जाते. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला, तर घरचे लग्नकार्यसुद्धा त्यांना अडवू शकत नाही. त्यामुळे मैदानाच्या पार्श्वभूमीवर एक फोटो काढला की समाधान मानणाऱ्यांपैकी ते नव्हेत. मध्यंतरापर्यंत ते दोन्ही संघांच्या बचावपटूंचा हिशेब मांडून मोकळे होतील.

अडचण अशी की मी स्वतः क्रिकेटचा माणूस आहे आणि इतकी वर्षे इथे राहूनही कधी स्टेडियमची पायरी चढलेलो नाही. डॉर्टमुंड आमच्यापासून रेल्वेने अर्ध्या तासावर आहे आणि तिथल्या पिवळ्या स्टँडचे व्हिडिओ अण्णांनी पाहिलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या मनात तेच आहे. परंतु क्लबच्या संकेतस्थळावर तिकिटे संपलेली दिसतात आणि दुसऱ्या एका विक्री-संकेतस्थळावर तीच तिकिटे चौपट-पाचपट किमतीला उपलब्ध आहेत. अण्णांचे वय अडुसष्ट असून गुडघ्याचा त्रास आहे, आणि आईही सोबत येणार आहे. अशा परिस्थितीत ते महागडे तिकीट घ्यावे का, की त्यांना अन्यत्र न्यावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

रूरतटी :

सर्वप्रथम तारखा पाहा, कारण बहुतेक पाहुण्यांचे बेत तिथेच फसतात. बुंडेसलिगाचा, म्हणजे इथल्या पहिल्या श्रेणीच्या लीगचा, हंगाम साधारणपणे मेच्या मध्यावर संपतो आणि त्यानंतर ऑगस्टपर्यंत ही मैदाने ओस पडलेली असतात; म्हणजे तुमच्या आईवडिलांच्या मुक्कामातले पहिले दोन-तीन शनिवार-रविवारच तुमच्या हाती आहेत. शिवाय कोणत्या फेरीत कोण कोणाशी खेळणार हे हंगामाच्या आरंभीच जाहीर झाले, तरी तो सामना शुक्रवारी रात्री, शनिवारी दुपारी साडेतीनला की रविवारी संध्याकाळी, हे काही आठवडे आधी टप्प्याटप्प्याने ठरते. त्याला अपवाद अखेरच्या फेरीचा : त्या दिवशी कोणाला दुसऱ्याच्या निकालाचा फायदा मिळू नये म्हणून नऊच्या नऊ सामने एकाच वेळी खेळवले जातात. तेव्हा वेळ निश्चित होईपर्यंत त्या आठवड्यांत पॅरिसची सहल वगैरे ठरवू नका.

आता त्या चौपट किमतीच्या तिकिटाविषयी. कृपया घेऊ नका. इथले क्लब तिकीट विकताना पुनर्विक्रीच्या अटी घालतात आणि परवानगी नसलेल्या मार्गाने विकलेले तिकीट आढळल्यास ते सरळ रद्द करतात. मग प्रवेशद्वारावरचे यंत्र तुमच्या हातातल्या तिकिटावरचा संकेत वाचून लाल दिवा दाखवते आणि तिथे उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून काहीही साध्य होत नाही. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने अशाच एका संकेतस्थळावरून तीन तिकिटे घेतली होती. सामन्याच्या आदल्या रात्रीपर्यंत ती आलीच नाहीत, आणि पैसे परत मिळवण्यासाठी पुढे कित्येक महिने पत्रव्यवहार करावा लागला.

डॉर्टमुंडची तिकिटे इतकी दुर्मीळ का, हे आकडे पाहिले की लक्षात येते. स्टेडियमची क्षमता ८१,३६५ आहे, पण त्यांतील सुमारे ५५,००० जागा हंगामभराच्या तिकीटधारकांच्या आहेत. पाहुण्या संघाच्या समर्थकांचा वाटा वेगळा काढला की उरलेल्या जागांवर आधी क्लबच्या सभासदांचा हक्क, आणि सभासद तर लाखांत आहेत. खुल्या विक्रीपर्यंत येईतो ताटात काही उरत नाही. यावर सरळ उपाय एकच, तो म्हणजे क्लबची स्वतःची अधिकृत पुनर्विक्री. हंगामी तिकीटधारकाला एखाद्या आठवड्यात येणे शक्य नसेल, तर तो आपली जागा तिथे परत देतो आणि ती जवळपास मूळ किमतीत दुसऱ्याला मिळते. अशा जागा सामन्याच्या आदल्या आठवड्यात सर्वाधिक निघतात. मात्र त्या बहुधा सुट्या असतात. शेजारीशेजारी तीन मिळणे हा योगच समजा, आणि जर्मन न येणाऱ्या आईवडिलांना तीन वेगवेगळ्या स्टँडमध्ये बसवणे कितपत शहाणपणाचे आहे, ते तुम्हीच ठरवा.

तो पिवळा स्टँड म्हणजे दक्षिणेकडचा, सुमारे पंचवीस हजार माणसे उभी राहतील असा. उभ्याने सामना पाहण्याची इतकी मोठी जागा युरोपात दुसरी नाही. पण ती खरोखर उभी राहण्याचीच जागा आहे. तिथे खुर्ची नाही, आपली अशी पायरी नाही, चांगली जागा हवी असेल तर दीड-दोन तास आधी जाऊन ती अडवावी लागते, आणि एकदा आत शिरल्यावर स्वच्छतागृहाकडे जाऊन पुन्हा त्याच ठिकाणी परतणे कठीण. गोल झाला की वरच्या पायरीवरची माणसे अंगावर कोसळतात आणि कोणाच्या तरी पेल्यातली बिअर डोक्यावर सांडते. अडुसष्ट वर्षांच्या, गुडघा दुखणाऱ्या गृहस्थाला मी तिथे नेणार नाही.

याहून महत्त्वाचे कारण निराळे आहे. अण्णा बचावपटू होते असे तुम्ही लिहिले आहे. बचावपटू म्हणून खेळलेल्या माणसाला गोलच्या मागून सामना दिसत नाही. तिथून खोलीचा अंदाज येत नाही, शिवाय पहिली पंधरा-वीस मिनिटे समोर मोठमोठे झेंडे हलत असतात. त्यांना मैदानाच्या लांब बाजूला, मध्यरेषेच्या आसपास आणि थोड्या उंचीवर बसवा. चेंडू पलीकडच्या टोकाला असताना चार बचावपटू एका ओळीत किती पुढे सरकतात, त्यांतला एक मागे रेंगाळला की ऑफसाइडचा सापळा (प्रतिस्पर्ध्याला बचावफळीच्या मागे, नियमबाह्य जागी अडकवण्याचा डाव) कसा फसतो आणि गोलरक्षक कोणाला ओरडतो, हे तिथूनच दिसते. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे धावत असल्याने घरी बसून ही गोष्ट कधीच पाहता येत नाही. ज्याला खेळ कळतो त्याच्यासाठी स्टेडियमला जाण्याचे खरे कारण हेच आहे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून माझी सूचना बोखुमची. एसेनहून रेल्वेने दहा मिनिटे, मग ट्रामने थोडे अंतर. मैदान शहराच्या पोटात आहे, क्षमता सव्वीस हजारांच्या आसपास, आणि स्टँड इतके जवळ आहेत की खालच्या रांगांत बसल्यास खेळाडूंचे एकमेकांना हाका मारणे ऐकू येते. (मैदानाला लागूनच तुरुंग आहे. गोल झाल्याचे तिथल्या कैद्यांना कळण्यासाठी रेडिओची गरज पडत नसावी.) लांब बाजूच्या शेजारच्या तीन जागा काही आठवडे आधी प्रयत्न केल्यास सहसा मिळतात. डॉर्टमुंडला सामन्याविना जा : स्टेडियमची मार्गदर्शकासह फेरी असते, त्यातच क्लबचे संग्रहालयही आहे, आणि मुख्य रेल्वे स्थानकासमोर २०१५ साली उघडलेले जर्मन फुटबॉल संग्रहालय आहे. रिकाम्या स्टेडियममध्ये त्या दक्षिण स्टँडच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले, तरी त्याचा आवाका पुरेसा समजतो.

पिवळा_मफलर :

रूरतटी यांच्या व्यवहारी सूचना योग्य आहेत, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. कोल्हापूरहून सहा-सात हजार किलोमीटर प्रवास करून आलेल्या आणि ज्याने तो स्टँड वर्षानुवर्षे पडद्यावर पाहिला आहे, अशा माणसाला शेजारच्या गावातला सामना दाखवणे म्हणजे पंढरपूरला जाऊन केवळ चंद्रभागेत पाय बुडवून परतण्यासारखे आहे. ऑफसाइडची रेषा ते शाहू स्टेडियमवर रोज पाहतात. ऐंशी हजार माणसे एका सुरात गातात तेव्हा छातीत काय होते, ते तिथे पाहायला मिळत नाही.

दक्षिण स्टँडमध्ये त्यांना उभे करू नका, हे खरेच. पण तो स्टँड समोरून पाहण्यात अधिक मजा आहे. त्यासाठी उत्तर बाजूची किंवा लांब बाजूच्या कोपऱ्यातली बसण्याची जागा शोधावी. तीन जागा एकत्र मिळत नसतील तर दोन मिळवा आणि आईंना विचारा, कदाचित त्यांना घरीच थांबणे आवडेल. सामना निवडताना बायर्न, लेव्हरकुसेन ही नावे वगळा. तक्त्यात मधल्या किंवा खालच्या जागेवर असलेला पाहुणा संघ आणि रविवारची वेळ असेल, तर पुनर्विक्रीत जागा निघण्याची शक्यता बरीच वाढते. क्लबचे सभासदत्व वार्षिक वर्गणी भरून कोणालाही घेता येते, त्यासाठी जर्मन नागरिक असण्याची अट नाही. मी पहिल्याच वर्षी ते घेतले.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण अण्णा नक्की विचारतील. इथे उभ्या जागेचे तिकीट आजही बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस युरोंच्या घरात आहे, यामागे क्लबांची रचना आहे. १९९८ पासून असलेल्या नियमानुसार क्लबच्या व्यावसायिक कंपनीत मताधिकाराचे बहुमत सभासदांच्या मूळ संस्थेकडे राहावे लागते. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे त्याला ठळक अपवाद. त्यामुळे समर्थकांना डावलणे सोपे जात नाही. सोमवारचे सामने त्यांना नको होते, ते बंद झाले. २०२३ च्या डिसेंबरात लीगने प्रसारण हक्कांच्या व्यवसायात बाहेरचा गुंतवणूकदार आणायचे ठरवले, तेव्हा प्रेक्षकांनी आठवड्यांमागून आठवडे मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तो बेत लीगला सोडून द्यावा लागला. तालमीतल्या माणसाला हे कौतुकाचे वाटेल.

मंगळवारपेठी :

दोघांचेही मनापासून आभार. अण्णांना काल फोनवर हे सर्व वाचून दाखवले. त्यांनी एवढेच विचारले की लहान मैदानावर गर्दी असते का, कारण रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळलेला सामना त्यांना पाहायचा नाही. आईचे मात्र वेगळेच प्रश्न आहेत : तिथे खायला काय मिळते, थंडी किती असते, दारू पिणाऱ्यांचा त्रास होतो का आणि पर्समध्ये काय नेता येते. अण्णांना मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतात, त्याचाही उल्लेख करून ठेवतो.

सौ_हाफेनश्ट्रासे :

आईंच्या प्रश्नांची उत्तरे मी देते, कारण माझे सासू-सासरे आले असताना आम्ही या सगळ्यातून गेलो आहोत.

पर्स साधारण ए-चार कागदाच्या आकाराहून मोठी असेल तर बहुतेक स्टेडियमांत आत नेऊ देत नाहीत; बाहेर ठेवायची सोय असली तरी तिथे रांग लागते. पाण्याची बाटली, काचेची कोणतीही वस्तू आणि मोठी छत्री घरीच ठेवावी. गोळ्या मूळ वेष्टणासह आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्याव्यात. तपासणी करणाऱ्याला त्या आधीच दाखवल्या की कोणी अडवत नाही. मधुमेहासाठी थोडा सुका खाऊ सोबत असणे गरजेचे आहे, कारण मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत खाद्यपदार्थांच्या खिडकीपर्यंत पोहोचणे आणि स्वच्छतागृहाला जाऊन येणे ही दोन्ही कामे होत नाहीत. मी स्वतः पहिल्या सत्राची पाच मिनिटे उरलेली असतानाच उठते.

खायला मुख्यतः सॉसेज असते आणि ते बहुधा डुकराच्या मांसाचे असते, त्यामुळे मटण खाणाऱ्या कोल्हापूरकरांनीही विचारून घ्यावे. फ्रेंच फ्राईज आणि खारे ब्रेत्सेल सगळीकडे मिळतात. पेयाच्या पेल्यावर अनामत रक्कम घेतली जाते. पेला परत दिला की ती मिळते, अथवा दाराशी ठेवलेल्या पिंपात टाकून ती एखाद्या कार्याला देता येते. पैसे कार्डाने द्यायची तयारी ठेवा, अनेक ठिकाणी रोख घेतच नाहीत. बिअर भरपूर प्यायली जाते हे खरे आहे. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याने मैदान दिसेल अशा ठिकाणी मद्य पिण्यास बंदी आहे, इथे तसे नाही. लोक पेला घेऊनच जागेवर बसतात. तरीही बसण्याच्या स्टँडमध्ये आजीआजोबा, नातवंडे, शाळकरी मुली असे सारेच असतात, आणि सासूबाईंना तिथे अवघडल्यासारखे झाले नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन असले तरी स्टँडच्या सावलीत संध्याकाळी गारठा जाणवतो. पायांत मोजे, अंगात स्वेटर आणि बसायला पातळ उशी एवढे पुरे.

आता गर्दीविषयी. अण्णांना सांगा की आपल्या या रूर खोऱ्यात रिकाम्या खुर्च्यांची काळजी करू नये. शाल्केचा संघ २०२३ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला, तरी पुढच्या हंगामात घरच्या सामन्यांना सरासरी साठ हजारांच्या आसपास माणसे येत राहिली. हा सगळा कोळशाच्या खाणींचा मुलूख. शेवटची खाण बोट्रोप येथे २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली, पण शाल्केच्या स्टेडियममध्ये खेळाडू मैदानावर येतात तो बोगदा आजही खाणीसारखा सजवलेला आहे. आणि तुम्ही एसेनमध्येच राहता, तर रोट-वाइस एसेनला विसरलात कसे? हा क्लब १९५५ चा जर्मन विजेता आहे. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हंगेरीविरुद्ध ८४व्या मिनिटाला विजयी गोल करणारा हेल्मुट रान एसेनचाच आणि याच क्लबचा. नंतर क्लब पार रसातळाला गेला, २०२२ मध्ये तिसऱ्या श्रेणीत परतला, आणि तेव्हापासून वीस हजारांच्या मैदानावर पंधरा-सोळा हजार माणसे सहज असतात. तिकिटे बोखुमपेक्षाही सोपी. निवेदक खेळाडूचे पहिले नाव उच्चारतो आणि सगळे स्टेडियम त्याचे आडनाव गर्जून पूर्ण करते, ते ऐकताच सासऱ्यांनी शेजारच्या जर्मन आजोबांच्या पाठीवर थाप मारली होती. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती. उत्तरार्धात मात्र दोघे मिळून पंचाला नावे ठेवत होते.

याच मैदानावर एसजीएस एसेनच्या महिला संघाचेही सामने होतात. हा संघ २००४ मध्ये पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि पुढे वीस वर्षे तिथे टिकला; राष्ट्रीय संघाची आघाडीची खेळाडू लेआ श्युलर इथेच घडली. कोलोनसारख्या शहरात २०२३ मध्ये महिलांच्या एका लीग सामन्याला ३८,३६५ प्रेक्षक आले होते, परंतु एसेनला सहसा हजार-दोन हजारच असतात. त्यामुळे हवी ती जागा मिळते, तिकीट स्वस्त असते आणि आईंनाही ते मोकळे वाटेल. अण्णांचा मुख्य सामना म्हणून नव्हे, पण आल्याबरोबर पहिल्या आठवड्यात सराव म्हणून हा जरूर दाखवा. गुडघा किती वेळ साथ देतो, तेही समजेल.

रूरतटी :

रोट-वाइस एसेनची सूचना माझ्यापेक्षा चांगली आहे, बोखुम दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. फक्त तिकीट काढताना स्टँडचा नकाशा नीट पाहा : उभ्या जागा आणि बसायच्या जागा यांना वेगळी दारे असतात, आणि चुकीच्या दारातून आत सोडत नाहीत. पाहुण्या समर्थकांच्या कोपऱ्यालगतचा भागही टाळावा, धूर आणि फटाके यांचा उपद्रव मुख्यतः तिथे होतो. मेच्या मध्यावर व्यावसायिक हंगाम संपल्यानंतरही अण्णांची हौस फिटली नसेल, तर जिल्हा पातळीचे हौशी संघ जूनच्या आरंभापर्यंत रविवारी दुपारी तीनला खेळत असतात. दारात पाचेक युरो द्यायचे, कुंपणाला टेकून उभे राहायचे. खेळाडू सामन्यानंतर तिथेच उभे राहून सॉसेज खातात.

मंगळवारपेठी :

ठरले. पहिल्या आठवड्यात महिला संघाचा सामना, त्यानंतर रोट-वाइसचा, आणि डॉर्टमुंडच्या अधिकृत पुनर्विक्रीवर दोन जागांसाठी लक्ष ठेवतो. आईने आधीच जाहीर केले आहे की तिला संग्रहालय पुरे. शेवटची शंका : अण्णांचा प्रवासाचा एकमेव जाड स्वेटर निळा आहे. तो चालेल का?

पिवळा_मफलर :

हाफेनश्ट्रासेला, म्हणजे रोट-वाइसच्या मैदानावर, पाहुणा संघ निळ्या रंगाचा नसेल, तर खुशाल चालेल. डॉर्टमुंडच्या सामन्याला मात्र कृपया नको, निळा हा त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचा, शाल्केचा, रंग आहे. कोणी हात लावणार नाही, पण स्थानकापासून स्टेडियमपर्यंत प्रत्येक जण काही ना काही सुनावत राहील. काळा किंवा राखाडी स्वेटर घ्या. आणि सामना संपल्यावर लगेच स्थानकाकडे धावू नका. खेळाडू स्टँडपाशी येऊन समर्थकांसमोर उभे राहतात, ते पाहून वीस-पंचवीस मिनिटे जागेवरच बसा. तोवर पहिल्या दोन गाड्यांची रेटारेटी ओसरते आणि अण्णांना बसायला जागा मिळते.